थोरली पडली तेव्हा

तिला ऑफिसात सगळे मुकी म्हणत. तोंडावर मॅडम, पाठीमागे मुकी. हे नाव ठेवलं होतं धावत्याने. त्याला धावत्या म्हणायला सुरुवात केली फोनवरच्या मुलींनी, आणि ती कौतुकाने. दोघं एकाच खोलीत, एकाच कामावर, एकाच कंत्राटावर. पण त्याचं टोपणनाव लोक मोठ्याने हाक मारून घ्यायचे आणि तिचं घेताना आवाज खाली आणायचे. ऑफिसात माणसाची किंमत कुठे ठरते, ते यावरून ज्याने त्याने ओळखावं.

केंद्र ॲम्ब्युलन्सचं होतं. शहरात कोणाच्या छातीत कळ आली, कोणी जिन्यावरून गडगडलं, की फोन इथे यायचा. लांबलचक हॉलमध्ये कानाला हेडफोन लावलेल्या मुली रांगेने बसायच्या, समोरच्या स्क्रीनवर शहराचा नकाशा आणि त्यावर गाड्यांचे हलणारे ठिपके. मुलगी पत्ता लिहून घ्यायची, जवळचा ठिपका शोधायची आणि गाडी सुटायची. हे सगळं ज्या यंत्रांवर चालायचं ती यंत्रं सांभाळायची, हे मुकीचं आणि धावत्याचं काम. त्यांची खोली हॉलच्या मागे होती, बाराही महिने थंडगार आणि सतत घुमणारी. मुकी आत शाल पांघरून बसायची. धावत्या बहुतेक वेळ हॉलमध्ये असायचा, कारण तिथे माणसं होती.

दोघांसाठी कायमची जागा मात्र एकच मंजूर झाली होती, आणि त्या जागेबरोबर क्वार्टर मिळणार होतं. केंद्राच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या, ओटा, मोरी आणि आतून लावायची स्वतःची कडी. धावत्याला कायमची नोकरी हवी होती, ती कोणाला नको असते. मुकीला ती कडी हवी होती.

कारण मुकी नणंदेच्या घरात राहत होती. नवऱ्याचा छापखाना बंद पडला तेव्हा थोडे दिवस म्हणून तिघं तिथे आली, नवरा, ती आणि लेक, आणि ते थोडे दिवस काही संपेनात. मागची खोली त्यांना दिली होती, म्हणजे देऊन ठेवली होती आणि रोज एकदा आठवणही करून दिली जात होती. दुधाचं पातेलं नणंद स्वतःच्या खोलीत नेऊन ठेवायची. मुकी आंघोळीला गेली की दाराबाहेर उभी राहून विचारायची, अजून किती वेळ. लेक अभ्यासाला बसली की येऊन दिवा मालवायची आणि म्हणायची, डोळे बिघडतील गं पोरी. पाहुणे आले की मुकीच्या देखत सांगायची, की काय करणार, पाठचा भाऊ आहे, टाकता थोडाच येतो. नवरा हे ऐकून वर्तमानपत्रात आणखी खोल शिरायचा. मुकी मूग गिळून भांडी घासायची. तिला बोलता येत नव्हतं असं नाही. तिचं बोलणं ज्यांना कळलं असतं ती माणसं नव्हती, यंत्रं होती.

यंत्रं दोन, थोरली आणि धाकटी. कारभार सगळा थोरलीकडे. धाकटी शेजारी नुसती जागी. मधल्या केबलमधून थोरली सतत सांगत राहायची, मी आहे, मी आहे. ते सांगणं थांबलं की धाकटीने समजायचं की थोरली गेली, आणि पदर खोचून तिच्या जागी उभं राहायचं. हे इतक्या झटकन व्हायला हवं की हॉलमध्ये कोणाला पत्ता लागू नये. प्रत्यक्षात थोरली पडली की सगळे स्क्रीन गोठायचे आणि चार मिनिटं गोठलेलेच राहायचे.

ही चार मिनिटं म्हणजे धावत्याचं आयुष्य होतं. तो खोलीतून सुटायचा तो हॉलमध्ये, एका टेबलावरून दुसऱ्यावर, घाबरू नका म्हणत, कागदावर पत्ते लिहा म्हणत, दोन फोन दोन कानांना लावून. मग परत आत येऊन ही केबल दाब, ते बटण बघ, आणि घामाघूम होऊन पुन्हा बाहेर. चार मिनिटं संपली की स्क्रीन आपोआप परत यायचे. त्या क्षणी धावत्याचा हात कुठल्या ना कुठल्या यंत्रावर असायचाच. मुली टाळ्या वाजवायच्या, कोणीतरी त्याला पाणी आणून द्यायचं. मुकी त्या वेळी आत बसून नोंदी वाचत असायची, की नेमकं काय झालं. तिला कोणी पाणी दिलं नाही, आणि खरं तर त्या घटकेला तिला तहानही नसायची.

एका सकाळी स्क्रीन गोठले तेव्हा एक मुलगी एका बाईशी बोलत होती. बाईचा नवरा जमिनीवर पडला होता. मुलगी म्हणत राहिली, लाइनवर राहा, गाडी बघतेय, लाइनवर राहा. तिला एकही ठिपका दिसत नव्हता. चार मिनिटांनी नकाशा परत आला आणि तिने गाडी सापडल्याचं सांगितलं, तेव्हा ती बाई अगदी शांतपणे म्हणाली, "आता नका पाठवू." मुलीने हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि बाहेर निघून गेली. धावत्या तिच्या मागे धावला, तिची समजूत काढली, तिला रिक्षात बसवून दिलं. सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. ते चुकीचं नव्हतं, माणूस म्हणून तो वाईट नव्हताच. पण त्या चार मिनिटांचं काय, हा प्रश्न त्या दिवशी फक्त मुकीला पडला.

आता इथली एक रीत सांगायला हवी. दर तिमाहीला मोठे साहेब स्वतः यंत्रांच्या खोलीत यायचे आणि त्यांच्यासमोर अदलाबदलीची चाचणी व्हायची. बिस्किटं असायची, फोटो निघायचा. धावत्या ऐटीत एक आज्ञा द्यायचा की थोरलीने आता विश्रांती घ्यावी. थोरली शहाण्यासारखी सगळा कारभार धाकटीच्या हाती सोपवायची आणि मग जायची. दोन-तीन सेकंदांत काम फत्ते. साहेब मान डोलवायचे आणि चाचणी उत्तीर्ण व्हायची. इतक्या वर्षांत थोरलीचा प्लग उपटून कोणी बघितलं नव्हतं. साहेबांच्या देखत प्लग उपटणं असभ्य वाटायचं म्हणा, किंवा भीती वाटायची म्हणा. मरणाची चाचणी हे लोक निरोपसमारंभाने घेत होते, आणि मेलेला माणूस किल्ल्या हातात देऊन जात नाही हे इतक्या शिकल्यासवरल्या लोकांच्या ध्यानात आलं नव्हतं. मुकीच्याही आलं नव्हतं. त्या सकाळनंतर आलं.

तिने साहेबांना सांगितलं की प्लग उपटायचा आहे. साहेबांनी धावत्याकडे बघितलं. धावत्या म्हणाला, मॅडमना मोडतोड करायची हौस आली वाटतं, आणि सगळे हसले. ती पुन्हा गेली. पुन्हा गेली. शेवटी साहेब वैतागून म्हणाले की बघा काय करायचं ते, फोन शेजारच्या केंद्राकडे वळवा आणि सुट्टीच्या दिवशी करा. काही बिघडलं तर जबाबदारी तुमची. आणि उठता उठता म्हणाले, हे चार मिनिटांचं प्रकरण एकदा मिटू दे, मग आपण त्या जागेचं बघू.

मुकीने हे वाक्य घरी नेलं, उशाशी घेतलं, सकाळी पुन्हा तपासलं. चार मिनिटं मिटवली की जागा आपली. साहेब तसं बोललेच नव्हते. पण जन्मभर यंत्रांशी बोललेल्या बाईला वाटायचं की अट पुरी केली की उत्तर ठरलेलं येतं.

सुट्टीच्या दुपारी तिने प्लग उपटला. हॉल रिकामा होता, धावत्या आला नव्हता. ती एका स्क्रीनवर थोरलीकडे आणि दुसऱ्यावर धाकटीकडे बघत राहिली आणि तिचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. धाकटीचा दोष नव्हताच. थोरली गेल्याचं तिने लगेच ओळखलं होतं, ती लगेच उभी राहिली होती. अडलं होतं दारात. सगळ्या केबली ज्या डब्यात येतात त्या स्विचमध्ये धाकटीचं दार, म्हणजे तिचा पोर्ट, कोणा जुन्या तज्ज्ञाने कायम बंद ठेवला होता. दोघी एकदम बोलायला नकोत म्हणून. गरज पडली की तो पोर्ट आपोआप उघडायचा. पण नव्याने उघडलेल्या पोर्टवर स्विचचा विश्वास नसतो. तो अर्धं मिनिट त्याला बोलूच देत नाही, आधी नीट पारखून घेतो. धाकटी बिचारी उभी राहिल्या राहिल्या एकदाच ओरडायची, की आता मी आहे, सगळं माझ्याकडे द्या. ते ओरडणं बंद दारावर आपटून मरायचं. पुन्हा ओरडायचं तिला कोणी शिकवलं नव्हतं. मग दार उघडलं तरी स्विच आपली जुनी आठवण धरून सगळे निरोप मेलेल्या थोरलीकडेच पाठवत राहायचा, ती आठवण जुनी होऊन गळून पडेपर्यंत. साहेबांसमोरच्या चाचणीत थोरली जाण्याआधी धाकटीचं दार उघडून, वाट बघून, मग जायची. म्हणून तिथे कधी काही दिसलं नाही.

मुकीने धाकटीचा पोर्ट कायमचा उघडा केला. स्विचला सांगितलं की ही घरची आहे, हिला पारखू नकोस. आणि धाकटीला शिकवलं की एकदा ओरडून भागत नाही, ऐकू जाईपर्यंत ओरडायचं. मग पुन्हा प्लग उपटला. स्क्रीनवरचा ठिपका किंचित अडखळला आणि पुढे सरकला. तिने पुन्हा उपटला, आणि पुन्हा. त्या रिकाम्या हॉलमध्ये ती एकटीच हसली, चांगली मोठ्याने. इतका आनंद तिला लेक झाली तेव्हाच झाला होता.

त्या आनंदात तिने एक चूक केली. घरी गेल्यावर ती बोलली. नणंदेने नेहमीप्रमाणे काहीतरी टोचलं, आणि मुकी म्हणाली, "ताई, तुमची खोली आता तुम्हाला परत मिळेल. आम्हाला क्वार्टर मिळतंय." नवऱ्याने वर्तमानपत्र खाली केलं. नणंद म्हणाली, बरं झालं बाई. आठवड्याभरात तिने मागची खोली एका भाडेकरूला देण्याचा शब्द देऊन टाकला, जागेचा निकाल लागायचा होता त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. मुकीने रविवारी लेकीला मागच्या गल्लीत नेऊन त्या दोन खोल्या बाहेरून दाखवल्या. लेकीने खिडकीतून आत डोकावून आपली अभ्यासाची जागा ठरवून टाकली.

पुढचे महिने केंद्रात काहीच झालं नाही. म्हणजे थोरली जुनी झाली होती, ती पडायची ती पडलीच. दर वेळी धाकटीने हातोहात सांभाळलं, हॉलमध्ये कोणी मान वर केली नाही, मुकीने आत थोरलीला उठवून बसवलं आणि साहेबांना एका ओळीचा निरोप पाठवला. साहेबांनी तो वाचला नाही, कारण त्यात काही बंद पडल्याचं नव्हतं. धावत्या मात्र सुकत चालला. धावायला काही उरलं नाही. मग तो प्रिंटरसाठी धावू लागला, पंख्यांसाठी धावू लागला, एका मुलीची खुर्ची मोडली तर हातोडा घेऊन धावला. मुली म्हणायच्या, हा आहे म्हणून केंद्र चाललंय. मुकीला वाटायचं, म्हणू देत. काम झालंय ते सगळ्यांना दिसतंच आहे.

निकालाच्या दिवशी साहेबांनी दोघांना एकत्र बोलावलं. त्यांच्या खोलीची एक भिंत काचेची होती, पलीकडे हॉल दिसायचा. साहेब म्हणाले की केंद्र सुरळीत चाललंय, आनंद आहे, पण मग या काळात बाईंनी नेमकं काय केलं तेवढं त्यांना समजून घ्यायचंय. मुकीने सांगितलं की या काळात थोरली बऱ्याचदा पडली. साहेबांच्या भुवया वर गेल्या. मला कसं कळलं नाही, त्यांनी विचारलं. कळलं नाही हेच तर काम आहे, असं ती म्हणाली, आणि बोलून झाल्यावर तिचं तिलाच ते थट्टेसारखं वाटलं. धावत्या हसला. साहेबही हसले.

तेवढ्यात तिच्या हातातला फोन थरथरला. तिने बघितलं आणि सरळ, मनाला वाईट विचारही न शिवता, सांगून टाकलं, "साहेब, थोरली आत्ता पडली."

धावत्या उठला. जन्माची सवय ती, पायांनी डोक्याला विचारलंच नाही. दार उघडं टाकून तो हॉलमध्ये घुसला, घाबरू नका, घाबरू नका म्हणत. तोपर्यंत घाबरलेलं कोणीच नव्हतं. त्याला बघून मुली घाबरल्या, अर्धवट उठल्या, इकडेतिकडे बघू लागल्या. साहेब काचेशी जाऊन उभे राहिले. काचेतून आवाज येत नव्हता, दिसत मात्र होतं सगळं. संकट जसं दिसतं तसंच दिसत होतं. मुकी खुर्चीत बसून होती.

"तुम्ही बसलात की बाई," साहेब म्हणाले.

"करायचं काही नाहीये, साहेब. धाकटीने घेतलं. स्क्रीन बघा ना, चालू आहेत."

साहेबांनी स्क्रीन बघितले. "ते धावत गेले म्हणून ना?"

मुकीने तोंड उघडलं. पोर्ट, ती म्हणाली, आणि थांबली. पुढे अर्धं मिनिट, बंद दार, जुनी आठवण हे सगळं तिच्या डोक्यात स्वच्छ होतं, पण एका श्वासात सांगता येईल असं त्यात काही नव्हतं, आणि साहेबांकडे एकाच श्वासापुरता वेळ होता. धावत्या परत आला, कपाळावरून घाम ओघळतोय, सदरा पाठीला चिकटलाय. सांभाळलं, साहेब, असं म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता, हीच त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. तो धावला की स्क्रीन चालू होतात, हे त्याने आयुष्यभर स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं.

"तुमचं ज्ञान कोणी नाकारत नाही," साहेब मुकीला म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरोखरची कीव होती. "पण घर पेटलंय असं सांगायचं आणि खुर्चीतून उठायचं नाही, अशा माणसाच्या हाती मी केंद्र कसं देऊ?"

जागा धावत्याला मिळाली. कंत्राटावर दोघांची गरज आता राहिली नव्हती, कारण बंद असं काही पडतच नव्हतं. महिनाअखेरपर्यंत बाईंनी धावत्याला आपलं काम समजावून द्यावं, असं ठरलं. मुकी यंत्रांच्या खोलीत गेली, थोरलीला उठवलं. मग स्विचसमोर बसली. एक ओळ पुसली असती की धाकटीचं दार पुन्हा बंद झालं असतं आणि पुढच्या वेळी चार मिनिटं सगळ्यांना पुरून उरली असती. तिने ती ओळ उघडली, त्यावर बोट ठेवलं, बराच वेळ ठेवलं. मग स्क्रीन बंद करून शाल घडी केली. चांगुलपणा म्हणून नाही. नीट बसवलेलं काम हाताने बिघडवणं तिला जमलं नाही, तेवढाही नीचपणा आपल्यात नाही याचा तिला त्या संध्याकाळी सगळ्यात जास्त राग आला.

घरी मागच्या खोलीतलं सामान नणंदेने बाहेर काढून ठेवलेलं होतं. गाद्यांची वळकटी, लेकीचं दप्तर, नवऱ्याची खुर्ची. भाडेकरू सकाळी येणार होता. मुकीने उभ्या उभ्या सगळं सांगितलं, फोन थरथरण्यापासून धावत्याच्या घामापर्यंत. एवढं ती या घरात कधीच बोलली नव्हती. नणंदेने मधे एकदाही तोडलं नाही. सांगून झाल्यावर ती रागावलीसुद्धा नाही. तिच्या चेहऱ्यावर एक समाधान पसरलं, जेवून उठलेल्या माणसाचं असतं तसं.

"रहा की," ती म्हणाली. "शब्द दिलाय म्हणून खोली नाही देता येणार. पण पॅसेज आहे. रस्त्यावर थोडीच काढणारे मी. आणि महिन्यानंतर घरीच असशील, तर स्वयंपाकाच्या बाईला मी सांगून टाकते, येऊ नको म्हणून."

नवरा म्हणाला, ताईचे उपकार आहेत. मुकीने वळकटीची दोरी सोडायला घेतली. गाठ घट्ट बसली होती. लेक शेजारी येऊन बसली, थोडा वेळ आईच्या हातांकडे बघत राहिली. तिने सगळं ऐकलं होतं आणि नीट विचार करून तिला जे उमगलं ते तिने समजुतीच्या सुरात सांगितलं.

"आई, मग तू पण पळायचंस ना."

मुकीने तिच्या कानाखाली वाजवली. आजवर तिने या पोरीवर हात उगारला नव्हता, आवाजही चढवला नव्हता. नणंद म्हणाली, अगं अगं, आणि दूध घेऊन आपल्या खोलीत गेली. पोर रडली नाही. तिने आईच्या हातातली दोरी काढून घेतली, दातांनी गाठ सोडवली आणि तिघांची अंथरुणं पॅसेजमध्ये एकापुढे एक घालायला सुरुवात केली.